ह्याला माझे मेसेज कशाला पायजेत?

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं छोटं करून इथे देते.

"माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. कराडला एकटेच राहतात. एसटीत वाहक होते. आई जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात त्यांना व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली. स्कूटर आहे, दंड झाला असेल म्हणून त्यांनी ती उघडली आणि ॲप इन्स्टॉल झालं. पुढे त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली तेव्हा आप्पा थांबले आणि त्यांनी मला फोन केला. म्हणाले, 'ह्याला माझे मेसेज कशाला पायजेत?' पैसे गेले नाहीत, पण धाकटा भाऊ फार घाबरला. तो बेंगळुरूला आयटीत आहे. त्याचं म्हणणं, आप्पांच्या फोनवर एसएमएस फॉरवर्ड करणारं ॲप टाकू, सगळे ओटीपी आपल्याकडे येतील, बँकेचं आपणच बघू. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, 'मग मोबाइलच घेऊन जावा की.' तेव्हापासून नीट बोलत नाहीत. त्यांची एक वही आहे, तिच्यात सगळे पासवर्ड लिहिलेले असतात. ती फाडून टाकायची का? आणि आईचं सिम ते अजून दर महिन्याला रिचार्ज करतात, भाऊ म्हणतो ते बंद करा. मी काय करू?"

ताई, नमस्कार.

फॉरवर्डचं ॲप टाकू नका. वही फाडू नका. आईचं सिम आत्ताच बंद करू नका. तिन्हींची कारणं सांगते, पण त्याआधी आप्पांबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांत मोलाची गोष्ट त्यांनीच केली आहे आणि घरात तिचं कौतुक झालेलं दिसत नाही.

मी पुण्यात पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातली बरीच वर्षं लॉगिनच्या कामात गेली. नंबर टाका, ओटीपी टाका, परवानगी द्या, पुढे चला, हे जे पडदे तुम्हाला दिवसातून दहा वेळा दिसतात, तसले पडदे मी बनवते. आप्पांनी विचारलेला प्रश्न आमच्याकडे नव्या मुलांना महिनोन् महिने शिकवावा लागतो. एखादं ॲप काही मागतं तेव्हा त्याच्या कामाशी त्या मागणीचा काय संबंध? दंडाची पावती दाखवणाऱ्या ॲपला इनबॉक्स कशाला हवा? आप्पा फाइल उघडण्यात चुकले, इन्स्टॉल करण्यातही चुकले, पण जिथे खरोखर लूट होणार होती त्या उंबऱ्यावर ते थांबले. आणि त्यांनी लेकीला फोन केला. लाज वाटली असेल, तरी केला. फसलेले कितीतरी लोक याच जागी गप्प बसतात. मुलं रागावतील, मोबाइल काढून घेतील, या भीतीने सांगतच नाहीत. आणि त्या गप्प बसलेल्या तासांत पैसा तीन-चार खात्यांतून फिरून निघून जातो.

आता तुमच्या भावाच्या ॲपकडे येऊ. ते टाकताना फोनवर काय होईल, बघा. आप्पांच्या समोर अगदी तोच पडदा येईल. 'या ॲपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का?' आणि या वेळी त्यांचा मुलगा फोनवरून सांगेल, 'आप्पा, अलाऊ दाबा.' ज्या पडद्यावर थांबायचं हे त्यांना आपोआप उमजलं, त्याच पडद्यावर पुढे जायचं असतं असं आपण त्यांना शिकवणार. पुढच्या वेळी कोणी बँकेचा माणूस म्हणून फोन करेल आणि 'काका, अलाऊ दाबा' म्हणेल, तेव्हा त्यांना थांबवणारं काही उरणार नाही.

यात तांत्रिक भागही आहे. 'चलान'च्या नावाने फिरणाऱ्या त्या फाइली नेमकं हेच काम करतात. इनबॉक्समध्ये आलेला प्रत्येक मेसेज उचलून दुसऱ्या ठिकाणी पाठवायचा. बँक ओटीपी पाठवते, आप्पांनी तो वाचायच्या आत चोराकडे पोचलेला असतो. भावाचं ॲपही तेच करणार, फक्त शेवटी चोराऐवजी तो असेल. पण मधल्या वाटेवर कोण आहे? ते ॲप कोणी लिहिलं, मेसेज कुठल्या सर्व्हरवरून जातात, तिथे किती दिवस राहतात, हे त्यालाही ठाऊक नसणार. गूगलने प्ले स्टोअरवरच्या ॲपना एसएमएस वाचू देण्यावर २०१९ पासून कडक बंधनं घातली ती याचसाठी. म्हणूनच तर चोरांच्या फाइली व्हॉट्सॲपवरून येतात, प्ले स्टोअरमधून येत नाहीत.

एक बारकी गोष्ट आप्पांना दाखवा, त्यांना आवडेल. काही ओटीपींच्या मेसेजच्या शेवटी अकरा अक्षरांचा एक अर्थ न लागणारा तुकडा असतो, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेला. पुष्कळांना तो चुकून आलेला कचरा वाटतो. ती त्या ॲपची खूण असते. फोनमधली गूगलची यंत्रणा ती खूण ओळखते आणि तेवढा एकच मेसेज त्या ॲपच्या हातात देते. इनबॉक्सची किल्ली द्यावी लागत नाही. प्रामाणिकपणे ओटीपी भरून घ्यायचा असेल तर ॲप बनवणाऱ्याकडे ही सोय आहे. बँकेची आणि यूपीआयची ॲप एसएमएसची परवानगी मागतात, त्याला वेगळं कारण आहे. नोंदणीच्या वेळी ती आप्पांच्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज धाडतात आणि त्यावरून हा नंबर खरंच याच फोनात आहे हे ठरतं. म्हणजे यूपीआय त्याच फोनात चालतं ज्यात सिम आहे. 'बँकेचं आपणच बघू' हे बेंगळुरूहून जमवायचं तर आप्पांचं सिमच तिकडे न्यावं लागेल. आप्पा जे रागाने बोलले ते शब्दशः खरं आहे.

पैशाच्या बाजूनेही हा बेत घातक आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७मध्ये एका परिपत्रकाने नियम घालून दिला. खातेदाराची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खातेदाराने कळवलं, तर तोटा खातेदारावर येत नाही. पण स्वतःचा पिन, पासवर्ड, ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर तो निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान खातेदाराचं. पोटच्या मुलाला दिला, म्हणून त्यात सूट नाही. उद्या खरंच काही घडलं आणि सगळे ओटीपी दुसऱ्या फोनवर जात होते असं निघालं, तर आप्पांची बाजू लंगडी होईल.

मला मात्र याहून जास्त टोचतं ते वेगळंच. एसएमएसमध्ये फक्त ओटीपी नसतात. पेन्शन किती जमा झाली, हे असतं. कुठल्या लॅबमध्ये कसली तपासणी केली, हे असतं. कोणाला पाचशे रुपये पाठवले, औषधाच्या दुकानात किती गेले, एटीएममधून एकदम दोन हजार का काढले. ७१ वर्षांच्या माणसाला जुन्या सोबत्याला उसने पैसे द्यावेसे वाटले, तर ते मुलांना न सांगता देता आले पाहिजेत. लोक खासगीपण हा तरुणांचा विषय समजतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. ज्यांच्या याचिकेवर तो निकाल आला ते के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२मध्ये याचिका दाखल केली तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. म्हणजे तुमच्या आप्पांच्या आजच्या वयापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे.

आणि आप्पा तर वाहक होते. डेपोत परत आल्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवून, नाणी मोजून कॅश भरायची, कमी पडली तर स्वतःच्या खिशातून घालायची, असं आयुष्य त्यांनी काढलं. वाहक आपली पैशांची बॅग घटकाभरही दुसऱ्याच्या हातात देत नाही. अशा माणसाला 'तुमचं आम्ही बघतो' म्हणणं म्हणजे काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

माझीही एक गोष्ट सांगते, कारण ती इथे सांगायलाच हवी. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका छोट्या कंपनीत होते. घरपोच सामान देणारं ॲप होतं. लॉगिननंतर लगेच फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागायचं ठरलं. मी विचारलं, आपल्याला कॉन्टॅक्ट कशाला? उत्तर आलं, 'पुढेमागे लागतील.' मी तो पडदा बनवला. हजारो लोकांनी अलाऊ दाबलं, आणि त्यांच्या फोनांतले नंबर, त्यात कोणाची आई, कोणाचा डॉक्टर, आमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडले. मी तिथे असेपर्यंत तरी त्यांचा काहीही उपयोग झाला नाही. ते नुसते पडून होते. ज्यांचे नंबर होते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. मी प्रश्न विचारला होता, पण आप्पांसारखी थांबले नाही.

२०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात जवळजवळ हेच उदाहरण दिलेलं आहे. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत फोनमधल्या कॉन्टॅक्टचीही संमती घेतं. माणसाने दोन्हींना हो म्हटलं तरी कॉन्टॅक्टची त्या कामाला गरज नाही, म्हणून संमती उपचारापुरतीच धरायची, असं कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर, आणि त्यानंतरही, पडद्यावर थांबायचं काम आप्पांनाच करायचं आहे, तुम्हाला आणि मलाही.

आता कराडला जा. शक्यतो भावालाही घेऊन, आणि एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवून. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकून दूरवरून हे करू नका. 'स्क्रीन शेअर करा' हेही चोरांचंच वाक्य आहे.

पहिलं काम त्या फोनची सफाई. परवानगी दिली नाही म्हणून सुटलो, असं धरून चालू नका. ॲप इन्स्टॉल झालं होतं. सेटिंगमधली ॲपची पूर्ण यादी उघडा. होम स्क्रीनवर काही दिसत नाही यावर विसंबू नका, असली ॲप स्वतःचं चित्र लपवतात. मग ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि डिव्हाइस ॲडमिन या तीन ठिकाणी अनोळखी नाव आहे का बघा. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची मुभा व्हॉट्सॲपला आणि फाइल उघडणाऱ्या ॲपला दिलेली असेल, ती काढून टाका. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी गूगलची सोय, चालू आहे ना, तेही पाहा. थोडीही शंका उरली तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करा. पण त्याआधी आईचे फोटो आणि तिचे व्हॉट्सॲपवरचे आवाजाचे निरोप दुसरीकडे उतरवून घ्या, आणि उतरले आहेत हे आप्पांना उघडून दाखवा. घाईत हे राहून गेलं तर दुसरं काहीही सुरक्षित होऊन उपयोग नाही.

दुसरं काम पैशाची मांडणी. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हाच खरा. ज्या खात्यात पेन्शन आणि पुंजी आहे ते यूपीआयला जोडलेलं नसावं. दुसरं एक छोटं खातं काढा, त्यात महिन्याच्या भाजी-औषधापुरते पैसे आप्पा स्वतः बँकेत जाऊन टाकतील, आणि यूपीआय फक्त त्याला जोडा. मग सगळ्यात वाईट दिवशीही तीन-चार हजार जातील, ठेव जाणार नाही. एटीएम कार्डाचा ऑनलाइन वापर आणि परदेशातला वापर बंद करायची सोय बँकांना २०२० पासून द्यावी लागते. आप्पा कार्डावर ऑनलाइन काही घेत नसतील तर दोन्ही बंद करा. हे सगळं त्यांच्या हातून, त्यांच्या फोनवर, त्यांना विचारून. तुम्ही बाजूला बसायचं. आणि एक गोष्ट त्यांना दोनदा सांगा: पैसे मिळायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायलाच.

व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा, सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणून आहे. तो लावला की नुसता ओटीपी मिळवून कोणी त्यांचा व्हॉट्सॲप आपल्या फोनवर उघडू शकत नाही. आप्पांच्या गूगल खात्याला खाते परत मिळवण्यासाठी तुमचा ईमेल जोडा. मदत करायची ही सरळ वाट आहे. खातं अडकलं तर तुम्ही सोडवू शकता, एरवी त्यांच्या ईमेलमध्ये डोकावता येत नाही.

फोन उघडायला बोटाचा ठसा वापरायला ते कचरत असतील, तर मी स्वतः या कामातली म्हणून सांगते, फोनवर बोट टेकवून एखाद्या ॲपमध्ये शिरता तेव्हा ठसा आमच्याकडे येत नाही. तो फोनच्या आत राहतो, आम्हाला नुसतं 'जुळलं' एवढं कळतं. पासकी म्हणून जो नवा प्रकार ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टने २०२२पासून आणला, तो याच पायावर उभा आहे. गुप्त किल्ली सहसा फोनात किंवा पासवर्ड सांभाळणाऱ्या खात्यात राहते, आणि ती फक्त खऱ्याच साइटपुढे चालते. खोट्या साइटवर आप्पांनी कितीही बोट टेकवलं तरी तिथे द्यायला काही नसतंच. फोनवर कोणाला वाचून दाखवायलाही काही नसतं. गूगल खात्याला पासकी लावून द्या. हाताच्या रेषा झिजलेल्या असतील तर ठसा पटकन जुळणार नाही, मग स्क्रीनचा पिन चालतो. तो पिन १२३४ नसावा आणि जन्मसालही नसावं.

आता वही. वहीवर हसणारे माझे पुष्कळ सहकारी आहेत, मी त्यांच्यात नाही. आप्पांचा पासवर्ड चोरणारा माणूस शेकडो मैल दूर बसलेला असतो. कराडच्या घरातल्या कपाटातली वही त्याला वाचता येत नाही. त्याला वाचता येतो तो कुठल्या तरी ढिसाळ कंपनीतून फुटलेला पासवर्ड. २००९मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीतून तीन कोटींहून जास्त पासवर्ड बाहेर पडले, आणि ते जसेच्या तसे, वाचता येतील असे ठेवलेले होते. नीट काम करणारी कंपनी पासवर्ड ठेवतच नाही, त्याची उलट फिरवता येणार नाही अशी गुंतागुंतीची खूण ठेवते. पण कोणती कंपनी नीट काम करते हे आप्पांना बाहेरून कसं कळणार? त्यांच्या हातात एवढंच आहे की एका ठिकाणचा पासवर्ड दुसऱ्या ठिकाणी नसावा. चोर फुटलेला पासवर्ड घेऊन तोच ईमेलला, तोच बँकेला लावून बघतात. पंधरा ठिकाणचे पंधरा वेगळे पासवर्ड ७१व्या वर्षी डोक्यात राहत नाहीत, माझ्याही राहत नाहीत. मी त्यासाठी पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरते. आप्पांची वही तेच काम करते आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन वहीत नको, तो डोक्यातच. आणि वहीचा फोटो कोणीही काढायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही, कारण फोटो आपोआप चार ठिकाणी पोचतात. पासवर्ड ठरवताना लांबी महत्त्वाची, चित्रविचित्र खुणा त्या मानाने कमी. आप्पांच्या जुन्या मार्गावरचे थांबे उपयोगी पडतील. कराडहून चिपळूणची गाडी केली असेल तर पाटण, कोयनानगर, कुंभार्ली त्यांना पाठच असणार. पण थांबे ओळीने घेऊ नका, मार्ग जगाला माहीत आहे. एखादा थांबा, मधेच घरातली एखादी वस्तू, मग दुसऱ्याच मार्गावरचं गाव, पुढे आणखी एखादा शब्द. त्यांना आठवेल, दुसऱ्याला सुचणार नाही. आणि तीन महिन्यांनी उगाच बदलायला लावू नका. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २०१७लाच सांगितलं की ठरावीक काळाने पासवर्ड बदलायची सक्ती नको, फुटल्याची शंका आली की बदला. सक्ती केली की माणसं शेवटी नुसता एक आकडा वाढवत जातात.

आईचं सिम. याबद्दल मी बराच वेळ विचार केला. आप्पा ते का रिचार्ज करतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, लिहायची गरजही नाही. पण घाईने बंद न करण्याला व्यवहाराचंही कारण आहे. आपल्याकडे मोबाइल नंबर हेच ओळखपत्र होऊन बसलं आहे. बंद केलेला नंबर कायमचा मरत नाही. नियमाप्रमाणे ९० दिवस तो कोणाला देत नाहीत, त्यानंतर नव्या माणसाला मिळू शकतो. आणि त्या नव्या माणसाच्या फोनवर तुमच्या आईच्या नावाने ओटीपी येऊ लागतात. दोघांचं मिळून खातं होतं का? त्याला कोणाचा नंबर आहे? गॅसची नोंदणी, विजेचं बिल, पोस्टातली बचत, विमा, आईचा ईमेल, यांपैकी कुठे कुठे तो नंबर आहे, ते आप्पांबरोबर बसून वहीत लिहून काढा आणि एकेक ठिकाणी आप्पांचा नंबर लावा. याला महिना-दोन महिने जातील. त्यानंतरही आप्पांना सिम ठेवावंसं वाटलं, तर मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात ते रीतसर त्यांच्या नावावर करून घ्या आणि राहू द्या. महिन्याच्या रिचार्जचे पैसे त्यांचे आहेत.

हयातीच्या दाखल्याचाही काळ लक्षात ठेवा. एसटीचे निवृत्त लोक बहुधा ईपीएस ९५, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत असतात, त्यांचा दाखला भरल्यापासून वर्षभर चालतो. 'दाखला नाही भरला, पेन्शन बंद होणार' असे फोन त्या सुमाराला येतात. दाखला जीवन प्रमाण या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून घरी भरता येतो. ते ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं, आणि एकदा तुमच्यासमोर आप्पांनी स्वतः भरून बघायचं.

भावाला माझ्याकडून दोन शब्द. तुम्ही घाबरलात ते प्रेमापोटी, हे कळतं. माझेही आईवडील गावी असतात, रात्री उशिरा त्यांचा फोन आला की माझ्याही पोटात गोळा येतो. तुम्ही याच क्षेत्रातले आहात, म्हणून विचारते. तुमच्या कंपनीत एखाद्याने संशयास्पद मेसेज ओळखून, अर्ध्यावर थांबून, लगेच कळवलं, तर त्याचं लॉगिन काढून घेता का? मग आप्पांचं का?

ताई, वहीचं पहिलं पान कोरं असेल तर तिथे १९३० हा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहायला सांगा, त्यांच्याच अक्षरात. पैसे गेले तर पहिला फोन तिथे करायचा, लगेच, मग बँकेला. जितका लवकर तितका पैसा मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. त्याखाली तुमचा नंबर. तो त्यांना पाठ असेल, तरी लिहू द्या.

आणि जेवणं झाली की दोघांनी त्यांना विचारा, त्या दिवशी तुम्ही तिथे थांबलात कसे? तुम्हाला काय खटकलं? सांगायला लागले की मधे बोलू नका.